पिकलबॉल आणि उजवा खांदा: स्मॅशला कळ येते, रात्री कुशीवर झोपता येत नाही. काय करावं?

निळा_कोर्ट (ठाणे)

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना सोपं जाईल.

वय ५४, उजव्या हाताने खेळतो. मधुमेह आहे, गोळ्या चालू, शेवटचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.६. आधी बरीच वर्षं बॅडमिंटन, आता पिकलबॉल (पॅडल आणि भोकांचा प्लास्टिकचा बॉल घेऊन खेळतात तो). सोसायटीने बॅडमिंटनच्या कोर्टावरच पिकलबॉलच्या रेषा आखल्या आणि फ्लडलाइट लावले. तेव्हापासून शनिवार-रविवारी तासभर असलेला खेळ रोज रात्री दोन तासांवर गेला.

दुखणं खांद्याच्या टोकावर नाही. त्याच्या चार बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला आहे. हात बाजूने वर नेताना मध्येच कळ येते, पूर्ण वर गेला की कमी होते. स्मॅशला सगळ्यात जास्त. शर्टाची दुसरी बाही चढवताना, गाडीत मागच्या सीटवरची पिशवी ओढताना चमक येते. उजव्या कुशीवर वळलो की जाग येते. कुठे पडलो नाही, सूज नाही, मुंग्या नाहीत. सर्व्हिस करताना मात्र काहीच होत नाही.

जेल लावून झालं, मेडिकलमधून गोळ्या घेऊन झाल्या, मशिनचा शेकही घेतला. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, खेळलं की पुन्हा तेच.

पिकलबॉलमध्ये सर्व्हिस खालून असते, मग खांद्यावर एवढा ताण येतो कुठून? एमआरआय काढावा का? खेळ पूर्ण बंद ठेवायचा की थोडा चालेल? पॅडल बदलू का? आणि पाच आठवड्यांनी सोसायटीची डबल्स स्पर्धा आहे, नाव दिलंय. काढून घेऊ का?

मुक्ता_फिजिओ

वर्णनावरून रोटेटर कफचं दुखणं वाटतंय, पण तुम्हाला मधुमेह आहे म्हणून आधी एक गोष्ट तपासून बाजूला काढायला हवी. ती खाली सांगते.

रोटेटर कफ म्हणजे फऱ्याच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाच्या डोक्याला धरणारे चार स्नायू: सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. खांद्याची खोबण उथळ असते. हात वर जाताना हाडाचं डोकं तिच्या मधोमध धरून ठेवायचं काम हे चौघं करतात. त्यांच्या टेंडनला (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीला) त्रास झाला की कळ जाणवते ती दंडाच्या बाहेरच्या बाजूला. म्हणून लोक दंड चोळत बसतात आणि उपयोग होत नाही. दुखण्याचं मूळ तिथे नसतंच.

ताण कुठून आला, याचं निम्मं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. आठवड्याचे २ तास होते, त्याचे १४ झाले. सातपट! स्नायू काही आठवड्यांत सरावतो, टेंडनला महिने लागतात. तो रोजच्या रोज ओढला गेला आणि मध्ये भरून यायला एकही मोकळा दिवस मिळाला नाही, तर कुरकुरणारच. वयाबरोबर टेंडनची लवचीकता कमी होते आणि साखर वाढलेली असली की भरून येण्याचा वेग आणखी मंदावतो. "हाड टेंडनला घासतंय" हे स्पष्टीकरण तुम्हाला अनेक जण देतील. ते जुनं झालं. पेलवेल त्यापेक्षा जास्त भार पडला, हे जास्त खरं आहे आणि जास्त उपयोगीही, कारण भार आपल्या हातात असतो.

आता घरी, शर्ट काढून, आरशासमोर हे करून बघा.

दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटवा, काटकोनात वाकवा, अंगठे वर. कोपर न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा. उजवा डाव्याइतका जातो का? नसेल जात, तर घरच्या कुणाला तरी तो हळूच बाहेर न्यायला सांगा, तुम्ही हात सैल सोडा. दुसऱ्याने नेऊनही तो अडतच असेल तर तो फ्रोजन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो. मधुमेह आणि थायरॉइडवाल्यांमध्ये तो जास्त दिसतो. त्याची वाट पूर्ण वेगळी आहे आणि त्यात जोर लावून ताणणं नुकसानच करतं. ही एक तपासणी टाळू नका.

मग हात बाजूने वर न्या. साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात दुखून पुढे सुटत असेल तर बोट रोटेटर कफकडेच. कानाशी पोचताना शेवटी दुखत असेल, आणि उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवताना खांद्याच्या वरच्या उंचवट्यावर एका बोटाने दाखवता येईल असं दुखत असेल, तर दोष वरच्या एसी सांध्याचा, म्हणजे गळपट्टीचं हाड फऱ्याच्या हाडाला जुळतं त्या जागेचा.

तिसरं, ताकद. कोपर बरगडीला, पंजा पुढे. समोरच्याला तुमचं मनगट आतल्या बाजूला ढकलायला सांगा, तुम्ही अडवा. दुखलं तरी हात टिकला तर ठीक. हात सरळ आत कोसळला तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी मान उजवीकडे वळवून वर बघा. कळ कोपराच्या खाली अंगठ्यापर्यंत गेली किंवा मुंग्या आल्या तर दोष मानेचा आहे, खांद्याला उगाच बोल लावू नका.

जे सापडेल ते इथे लिहा, मग व्यायाम सांगते.

किचनलाइन

वर मुक्ताताईंनी निम्मं उत्तर दिलंय, उरलेलं निम्मं तुमच्या बॅडमिंटनमध्ये आहे. बॅडमिंटनवरून आलेल्या खेळाडूंचा हात आणि नजर पिकलबॉलमध्ये फार लवकर जमते, आणि खांदाही त्यांचाच लवकर दुखतो.

कारण आकड्यांत बघा. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची, शटल ५ ग्रॅमच्या आसपास. पॅडल साधारण २१५ ते २३५ ग्रॅमचं, बॉल २२ ते २६ ग्रॅमचा. कोर्ट मात्र तंतोतंत तेच, ४४ बाय २० फूट. त्यामुळे डोक्यावर उंच बॉल आला की शरीर जुन्या सवयीने जातं: पाठीची कमान, कोपर कानामागे, बॉल डोक्याच्या वर किंवा किंचित मागे घेऊन मनगटाचा फटका. हलक्या रॅकेटला ते चालून जातं. अडीचपट वजनाचं पॅडल त्याच कोनातून खेचलं की आधी पुढची बाजू ताणली जाते आणि फटका संपताना हात थांबवायचं सगळं काम मागच्या कफवर येतं. हा थांबवण्याचा भार लोकांच्या लक्षातच येत नाही.

आणि त्या उंचीची इथे गरजही नाही. बॅडमिंटनचं नेट मध्यभागी ५ फूट, पिकलबॉलचं ३४ इंच, खांबांपाशी ३६. एवढ्या खालच्या नेटवरून बॉल खाली मारायला हात गगनाला नेण्याचं कारण काय?

ओव्हरहेड (डोक्यावरचा फटका) असा बसवा. लॉब (डोक्यावरून जाईल असा उंच टाकलेला बॉल) उठला की पहिलं पाऊल उजव्या पायाचं, मागे आणि आडवं, म्हणजे अंग नेटला काटकोनात येईल. डावा हात बॉलकडे रोखा. तो हात वर गेला की छाती आपोआप वळते आणि खांद्याचं काम कंबर-पाठीकडे वाटलं जातं. पॅडल आधीच उजव्या कानाजवळ तयार ठेवा, खालून गोल फिरवून आणू नका. बॉल कपाळाच्या एक-दीड फूट पुढे आल्यावर घ्या. उंची कमी पडत असेल तर धड डावीकडे झुकवा, कोपर वर ओढू नका. धड झुकलं की पॅडल वर जातं, पण खांद्याचा स्वतःचा कोन तेवढाच राहतो. जोर साठ-सत्तर टक्केच. भोकांचा बॉल हवेत लवकर मंदावतो, त्यामुळे शेवटच्या तीस टक्क्यांनी गुण फारसे मिळत नाहीत. समोरच्याच्या पायाशी किंवा दोघांच्या मध्ये टाकल्याने मिळतात.

बॉल डोक्यामागे गेला तर उलट पावली पळत सुटू नका. वळा, पाठमोरे धावा, टप्पा पडू द्या आणि खालून परत करा. सर्व्हिस, तिचा परतावा आणि किचन (नेटलगतचा पट्टा, तिथे उभं राहून बॉल हवेत घेता येत नाही) सोडलं तर बॉल हवेत घेतलाच पाहिजे किंवा टप्प्यावरच घेतला पाहिजे असं बंधन नाही. उलट पावली जाताना तोल गेला की माणूस हात मागे टेकवतो. मनगट नाही तर खांदा, एक काहीतरी जातंच. पावसाळ्यात ओलसर ॲक्रिलिक कोर्टवर तर हे पक्कं समजा.

आणखी दोन ठिकाणी खांदा नकळत झिजतो. एक, पाय न हलवता बाजूचा बॉल हात लांबवून घेणं. कोपर सरळ आणि हात अंगापासून दूर असला की त्या पॅडलचा भार खांद्याला कितीतरी जास्त लागतो. एक पाऊल टाका, कोपर बरगडीच्या पुढे एक वीतभर राहू द्या. दुसरं, दोन रॅलींच्या मध्ये उजव्याच हातात पॅडल लोंबत ठेवणं. पॉइंट संपला की डाव्या हातात घ्या. रॅलीत किचनच्या रेषेवर उभे असतानाही डाव्या हाताची बोटं पॅडलच्या गळ्याशी टेकवून ठेवा. दोन तासांत उजव्या खांद्याला बरीच विश्रांती मिळते.

बॅकहँड दोन हातांनी मारायला शिकलात तर सोन्याहून पिवळं.

रविवार_प्लेअर

धागा वाचतोय. एक शंका: खेळायच्या अर्धा तास आधी पेनकिलर घेतली तर? आमच्या ग्रुपमध्ये बरेच जण घेतात. आणि एक मालिशवाले आहेत, हात झटका देऊन ओढतात, खांदा मोकळा होतो म्हणतात. ते करून बघावं का?

अस्थिबंध

हाडांचा डॉक्टर आहे. आधी रविवार_प्लेअर यांना उत्तर, कारण हे फार जण करतात.

गोळी घेऊन खेळू नका. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या टेंडन बरा करत नाहीत, फक्त सूचना बंद करतात. आज किती खेळलं म्हणजे जास्त झालं, हे सांगणारं एकच साधन तुमच्याकडे आहे आणि तेच तुम्ही झाकता. शिवाय मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं चालू असलेल्या माणसाने घामाघूम होऊन, पाणी कमी पडलेल्या अवस्थेत या गोळ्या घेणं मूत्रपिंडाला महाग पडू शकतं. रात्री झोप लागत नसेल तर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० चालू शकते, तीही आपल्या डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. डायक्लोफिनॅकचं जेल हा त्यातल्या त्यात सौम्य मार्ग.

झटका देऊन खांदा ओढणं पन्नाशीनंतर अजिबात नको. अर्धवट फाटलेला टेंडन त्यात पूर्ण जाऊ शकतो. नुसतं तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर नुकसान नाही.

एक जास्त माहीत नसलेली गोष्ट: लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स दिली जातात. त्यांनी टेंडन कमकुवत होऊन तुटू शकतो, आणि तो धोका औषध संपल्यावरही काही काळ राहतो. साठीच्या पुढे आणि स्टेरॉइड चालू असताना जास्त. असा कोर्स चालू असेल तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खेळाची आणि टेंडनच्या दुखण्याची कल्पना द्या आणि स्मॅश बंद ठेवा.

आता निळा_कोर्ट. एमआरआय आत्ता नको. पन्नाशी-साठीनंतर ज्यांचा खांदा कधी दुखलाच नाही अशा बऱ्याच लोकांच्या एमआरआयमध्येही "पार्शल टेअर" (टेंडन अर्धवट फाटलेला), "टेंडिनोसिस" (टेंडनची झीज) असे शब्द सापडतात. रिपोर्ट वाचून माणूस घाबरतो, हात वापरणं सोडतो आणि खांदा आखडतो. साधा एक्स-रे मात्र काढून ठेवा. टेंडनमध्ये कॅल्शियमचा खडा असेल तर त्यात दिसतो, आणि त्याचा उपचार थोडा वेगळा असतो. टेंडन खरोखर फाटल्याची शंका आली तर जाणकाराने केलेली सोनोग्राफी पुष्कळदा पुरते, आणि खर्चही कमी.

"वरचं हाड दुर्बिणीतून घासून जागा करून देऊ" असं कुणी म्हणालं तर घाई करू नका. इंग्लंड आणि फिनलंडमध्ये या शस्त्रक्रियेच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्हींचे निष्कर्ष २०१८ साली छापून आले. काही रुग्णांचं हाड घासलं, काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. फाटलेला टेंडन शिवणं ही वेगळी शस्त्रक्रिया आहे, तिच्याबद्दल मी बोलत नाही.

मशिनच्या शेकाचे दहा-दहा सिटिंग घेण्यात पैसे घालवू नका. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या सातशेहून जास्त रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एकदाच नीट समजावून घरी व्यायाम दिलेले आणि सहापर्यंत सेशनमध्ये देखरेखीखाली व्यायाम केलेले, दोन्ही गट वर्षाअखेर सारखेच सुधारले. त्याच चाचणीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत थोडासा दिसला, वर्षाने काहीच फरक उरला नाही. तेव्हा इंजेक्शन हे झोपच येत नसेल, व्यायामच करता येत नसेल तेव्हा दार उघडण्यापुरतं. तुमच्या बाबतीत इंजेक्शननंतर साखर काही दिवस, कधी आठवडाभर चढलेली राहते. घेतलंच तर रोज ग्लुकोमीटरने बघा. आणि इंजेक्शन घेऊन त्याच आठवड्यात स्मॅश मारायला जाऊ नका.

थांबू नये असे प्रसंग: पडल्यावर किंवा "कट्" आवाज होऊन हात वर जाणंच बंद झालं तर दोन-चार दिवसांत दाखवा. ताजा फाटलेला टेंडन पहिल्या काही आठवड्यांत शिवला तर चांगला जुळतो. महिने गेले की स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते आणि शिवून फारसं साधत नाही. ताप आणि लालसर गरम खांदा, त्यातून मधुमेह, म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय. आणि हात हलवण्याशी संबंध नसलेलं खांद्याचं, जबड्याचं दुखणं, सोबत घाम, धाप, छातीत दडपण आलं तर खेळ तिथेच थांबवून १०८. मधुमेहात हृदयविकाराचं दुखणं नेहमीसारखं येईलच असं नाही.

पॅडलवेडा

पॅडलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

नुसतं वजन बघू नका, वजन कुठे आहे ते बघा. हातापासून जितकं दूर तितका त्याचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. टोकाला ५ ग्रॅमची लेड टेप (वजन वाढवायची शिशाची चिकटपट्टी) लावली तर स्विंग जड होतो, तीच मुठीत लावली तर कळतही नाही. टोकाला टेप असेल तर आजच काढा. लांबट आकाराचं, साडेसोळा इंची पॅडल असेल तर खांदा बरा होईपर्यंत १६ इंची रुंद आकार वापरा. तोल हाताकडे येतो आणि मारण्याची योग्य जागाही मोठी मिळते. गाभा १६ मिमीचा असेल तर फटक्याचा दणका १३ मिमीपेक्षा मऊ लागतो.

फार हलकं घेऊ नका. २०० ग्रॅमच्या आसपासचं पॅडल हातात छान वाटतं, पण बॉल जात नाही म्हणून माणूस जोरात मारायला लागतो आणि गणित उलटं होतं. २१५ ते २२५ ग्रॅम हा मधला मार्ग.

मूठ तपासा. पॅडल धरल्यावर अनामिकेचं टोक आणि तळव्याचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम बसली पाहिजे. मूठ बारीक असली की आपण आवळून धरतो, आणि आवळलेली मूठ खांद्यापर्यंत सगळा हात ताठ करते. ठाण्याच्या दमट हवेत घामाने ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) लवकर गुळगुळीत होते. घसरायला लागली की बदला, शंभर-दीडशे रुपयांसाठी ओढाताण नको.

बॉलही बघा. ४० भोकांचा बाहेर खेळायचा बॉल कडक असतो, २६ भोकांचा इनडोअर बॉल मऊ. परत सुरुवात करताना डिंकचा (नेटवरून हलकेच समोरच्या किचनमध्ये टाकायचा फटका) सराव मऊ बॉलवर करा. तडा गेलेला बॉल फेकून द्या. त्याचा आवाज भदभद येतो, तो उसळत नाही आणि प्रत्येक फटक्याला जास्त जोर लागतो.

निळा_कोर्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या केल्या. पंजा बाहेर फिरवताना दोन्ही हात सारखेच जातात, अडत नाही. बाजूने वर नेताना खांद्याच्या थोडं खाली सुरू होऊन थोडं वर गेल्यावर सुटतं. ताकदीच्या तपासणीत दुखलं पण हात टिकला. मान फिरवून काही झालं नाही. पॅडल २३५ ग्रॅमचं निघालं, लांबट, आणि टोकाला टेप आहेच.

रोज लोकलने जातो, वरच्या हँडलला धरून उभा असतो. त्याचाही संबंध असेल का?

मुक्ता_फिजिओ

असणारच. लोकलचं हँडल म्हणजे डोक्यावर हात, त्यात गाडीचे धक्के. काही आठवडे दारापासून आत, सीटच्या कडेचा दांडा छातीच्या उंचीवर धरून उभे राहा किंवा डावा हात वापरा. उंच दोरीवर कपडे वाळत घालणं, मागच्या सीटवरची पिशवी ओढणं हेही तेवढे दिवस टाळा. उताणे झोपताना उजव्या दंडाखाली दुमडलेला टॉवेल घ्या, म्हणजे कोपर मागे पडणार नाही. डाव्या कुशीवर झोपलात तर पुढे उशी घेऊन तिच्यावर उजवा हात ठेवा.

फ्रोजन शोल्डर सध्या तरी नाही, चांगली गोष्ट आहे. दर पंधरा दिवसांनी ती पहिली तपासणी पुन्हा करा, मधुमेहात तो मागाहून येऊ शकतो.

खेळ पूर्ण बंद करू नका. पूर्ण विश्रांतीत दुखणं थांबतं पण टेंडनही दुबळा होतो, आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात पुन्हा तेच. नियम एकच: ० ते १० मध्ये ३-४ पर्यंतचं दुखणं चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आदल्या पातळीवर आलं पाहिजे. नाही आलं तर भार कमी करा, बंद नाही.

पहिले दोन आठवडे: भिंतीला उजवी बाजू करून उभे राहा. कोपर बरगडीला, काटकोनात. मनगटाची मागची बाजू आणि भिंत यांच्यामध्ये नॅपकिनची घडी. अर्ध्या ताकदीने बाहेर ढकला, ३० सेकंद धरा, अर्धा-एक मिनिट थांबा. असं ५ वेळा, सकाळ-संध्याकाळ. श्वास रोखू नका. पुष्कळांना यानेच रात्रीचं ठणकणं कमी होतं.

त्याबरोबर एक दिवसाआड ही तीन. डाव्या कुशीवर झोपा, उजव्या कोपराखाली बरगडीपाशी टॉवेलची गुंडाळी, हातात पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. कोपर न हलवता पंजा छताकडे न्या, दोन सेकंदांत वर, चार सेकंदांत खाली. १२ वेळा, ३ फेऱ्या. खाली आणण्याचा भाग महत्त्वाचा आहे. फटका संपताना हात थांबवणारी ताकद तिथेच तयार होते. १५ वेळा सहज जमलं की एक लिटरची बाटली घ्या. दुसरा, खिडकीच्या गजाला थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा, ताकदीप्रमाणे रंग वेगळा) अडकवून दोन्ही हातांनी मागे ओढणं. कोपर बरगडीच्या रेषेपर्यंतच येऊ द्या, मागे नेलं की खांदा पुढे ढकलला जातो. पिवळ्यापासून सुरुवात, मग लाल, मग हिरवा. साध्या बँडमध्ये रंगांचा क्रम वेगळा असतो, ओढून बघून घ्या. तिसरा, भिंतीवरचे दंड (पुश-अप). हात सरळ झाल्यावर भिंत आणखी थोडी ढकला, पाठ किंचित गोल होईल, फरे बाजूला सरकतील. तो शेवटचा इंच म्हणजेच व्यायाम. १२ वेळा, २ फेऱ्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हात वर. अंगठा छताकडे, हात पूर्ण बाजूला नाही तर तिरका, साधारण ३० अंश पुढे. अर्धा किलो घेऊन खांद्याच्या उंचीपर्यंत, १० वेळा, ३ फेऱ्या. हे दुखणं न वाढता जमलं की पाचव्या आठवड्यापासून कोपर खांद्याच्या उंचीला ठेवून बँडने पंजा मागे फिरवणं, आणि बाटली डोक्यावर सरळ उचलणं. बहुतेक लोक कंबरेच्या उंचीवरचे व्यायाम करून "बरं वाटलं" म्हणून थांबतात आणि थेट स्मॅश मारायला जातात. जिथे दुखतं त्या उंचीवर ताकद आलेलीच नसते. माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, हा टप्पा गाळू नका. एकूण १२ आठवडे धरून चाला, फरक सहाव्या आठवड्याच्या आसपास नीट कळायला लागेल.

कोर्टवर: पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, ३०-४० मिनिटं, फक्त डिंक, ड्रॉप (मागून हलकेच किचनमध्ये टाकलेला बॉल) आणि सर्व्हिस. मग ड्राइव्ह (जोराचा सपाट फटका) आणि कोपर वाकवून व्हॉली (टप्पा पडायच्या आत घेतलेला बॉल). ओव्हरहेड अगदी शेवटी: रात्रीचं दुखणं थांबलेलं असेल आणि बाटली डोक्यावर १० वेळा विनासायास जात असेल तरच, अर्ध्या जोराने १० बॉल. दुसरा दिवस मोकळा. ठीक असेल तर पुढच्या वेळी १५. वॉर्म-अप आठ-दहा मिनिटं हवा: पाच मिनिटं भरभर चालणं, बँडच्या १५ ओढी, मग डिंक, मग व्हॉली. कोर्टवर येऊन हात गोल फिरवला, झालं, असं नको.

स्पर्धेचं. पाच आठवड्यांत तुम्ही ओव्हरहेडच्या उंबरठ्यावर असाल, पलीकडे नाही. एका दिवसात पाच-सहा सामने म्हणजे आपण उतरवलेला भार पुन्हा एकदम चढवणं. माझ्या मते नाव काढून घ्या. पार्टनर अडून बसला तर आदल्या आठवड्यात हे बघा: उजव्या कुशीवर सलग झोप लागते का, शर्ट चढवताना चमक येत नाही ना, आणि तासभर खेळून दुसऱ्या सकाळी खांदा आदल्या सकाळसारखाच आहे का. तीनपैकी एकही नकारार्थी असेल तर प्रश्न मिटला.

किचनलाइन

नाव काढून घ्या याला माझाही दुजोरा. तरी खेळायचंच ठरलं तर पार्टनर उजव्या हाताचा असेल तेव्हा तुम्ही कोर्टाची उजवी बाजू धरा. मधले उंच बॉल डाव्या बाजूच्या खेळाडूच्या फोरहँडला येतात, ते त्याने घ्यायचे. स्कोअरप्रमाणे बाजू बदलली तरी स्टॅकिंग करून सर्व्हिसनंतर आपापल्या बाजूला परत या, नियमात बसतं. तुमच्या डोक्यावरून गेलेला लॉब पार्टनरने मागून धावून टप्प्यावर घ्यायचा आणि तुम्ही डावीकडे सरकून त्याची जागा भरायची. हे त्याच्याशी आधी बोलून, सरावात दोन संध्याकाळी करून बघा. सामन्यात आयत्या वेळी "तू घे" म्हणेपर्यंत तुमचा हात सवयीने वर गेलेला असेल.

समोरचे तुमच्यावर मुद्दाम लॉब टाकायला लागले तर त्याचं कारण तुमचा डिंक उंच बसतोय. बॉल किचनमध्ये नेटजवळ, खाली ठेवा. खालून लॉब उचलणं अवघड जातं आणि तुमच्या वाट्याला ओव्हरहेड कमी येतात.

निळा_कोर्ट

पार्टनरला सांगून नाव काढलं. टेपही काढली. एक्स-रे शनिवारी काढतोय, रिपोर्टमध्ये कॅल्शियमचं काही निघालं तर इथेच विचारेन.

अस्थिबंध

विचारा. एक्स-रे काढताना हात आत वळवून आणि बाहेर वळवून, दोन्ही स्थितींत काढायला सांगा. एकाच स्थितीत काढला तर छोटा खडा हाडाच्या सावलीत लपू शकतो.